बहात्तर बार

भायखळ्याच्या शाळेचा हॉल, रविवारी सकाळी नऊ.
बाकं भिंतीला लावायची, खुर्च्या मांडायच्या,
फळ्यावरचे लसावि-मसावि पुसायचे नाहीत, अशी ताकीद.
डॉक्टर रेगे चेलो घेऊन येतात, दातांचा दवाखाना आज बंद.
कस्टममधला तेंबुलकर, ओबो.
ड्रमांमागे नववीतला एक पोरगा, त्याची आई बाहेर डबा घेऊन.
मी सेकंड व्हायोलिन, शेवटची खुर्ची.
एरवी महापालिकेच्या इस्पितळात एक्स-रे काढते,
दिवसभर म्हणते: श्वास घ्या, धरा, सोडा.

माझ्या मागे इनास रेबेलो, वय एक्क्याऐंशी, ट्रम्पेट.
आमच्यातला एकटाच, ज्याने पोटासाठी वाजवलं.

दुसऱ्या भागात त्याने सुरुवातीलाच
बहात्तर बार गप्प बसायचं.
मग अकरा स्वर. मग पुन्हा गप्प.
"बाय, मला बार म्हणजे ते दुसरे ठाऊक.
तिथे गप्प बसलो तर मॅनेजर रात्रीचं जेवण कापायचा."

सतराव्या वर्षी साळगावहून आला.
धोबीतलावच्या कुडात एका ट्रंकेएवढी जागा,
चर्चगेटच्या हॉटेलात पांढरा कोट, तोही भाड्याचा.
साडेअकरानंतर गिऱ्हाईक पातळ झालं
की कोट खुर्चीवर टाकून वाजवायचे ते खरं:
समोर कागद नाही, पुढे कोण निघणार ठाऊक नाही,
पियानोवाला एक भुवई उडवायचा
आणि सगळे त्या भुवईमागून.

मग हॉटेलांनी बँड काढून टाकले.
मग ताडदेवचा स्टुडिओ. तीन शिफ्टा, व्हाउचर, सही.
नायिका जिना उतरते तिथे आठ बार तो आहे.
खून होतो तिथली किंकाळी त्याची.
मग एक पोरगा आला कीबोर्ड घेऊन,
त्याच्या दोन बोटांत दहा ट्रम्पेट.
मग वसईची लग्नं. मग मैतं.
"मैताला पैसे कमी,
पण फर्माईश कोणी करत नाही."

त्याची छाती मी पाहिली आहे, मागे खोकला झाला तेव्हा.
फुप्फुसं प्लेटवर मावेनात, खालची टोकं कापली गेली.
तेव्हा अजून फिल्म निघायची.
इतक्या फिल्मांत वाजवून
नाव त्या एकीवरच,
कोपऱ्यात, शिशाच्या अक्षरांत.

वरचे दात रेग्यांनी बसवले,
वरचा सी फाटेनासा होईपर्यंत
तीनदा घासून. फी नाही.

पेरीनबाई एकदा म्हणाल्या,
मधे सोळा बार मोकळे ठेवते, तुमच्या मनचं वाजवा,
लोकांना आवडेल.
तो म्हणाला, नको. मनचं आता आठवत नाही.
आणि ट्रम्पेटमधलं पाणी फरशीवर सोडलं.

कार्यक्रमाला मी मोजत होते, सवयीने त्याचेही.
साठ. एकसष्ट.
अडुसष्टला तेंबुलकर घसरला, सावरला.
बहात्तरावा सुरू व्हायचा होता
आणि इनास आला.
एक बार आधी. एकटा.

पेरीनबाईंचा हात वरच राहिला.
दोन वर्षं कागदातून मान न काढणारे आम्ही,
चाळीस माणसं, वर बघायला लागलो.
पोराने उचललेली काठी
इनासच्या चौथ्या स्वरावर खाली आणली,
मग रेगे, मग तेंबुलकर,
मी कुठून शिरले ते माझं मला कळलं नाही.
एक अख्खा बार मागे पडून राहिला,
कोणीच न वाजवलेला.

नंतर बटाटेवडे.
"तुम्ही सगळे उशिरा आलात," तो म्हणाला,
आणि दातांना त्रास नको म्हणून पाव चहात बुडवला.

तालमीत तो एकदाही चुकला नव्हता.
खुर्च्या आवरताना त्याचा कागद माझ्या हाती लागला:
बहात्तर खोडून एकाहत्तर,
पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात.
आजचं की कधीचं,
मी बोट फिरवून पाहिलं,
बोटाला थोडं शिसं लागलं. थोडंच.
दिवे एकेक बंद होत होते.